नॉर्थ प्लॅटचा शेवटचा उतार

जून 1847. आजच्या वायोमिंगमधल्या कॅस्परजवळ नॉर्थ प्लॅट नदीने ब्रिगहॅम यंगच्या मॉर्मन तांड्याला अडवून धरले. शेवटी कॉटनवुडचे ओंडके कोरून, वर फळ्या ठोकून तराफा बनला. 19 जूनला तांडा पुढे निघाला. तराफा चालवायला काही माणसे मागे राहिली. ओरेगॉनच्या वाटसरूंना गाडीमागे दीड डॉलर, पैशाऐवजी पीठही चाले. 1853 पर्यंत त्याच भागात जॉन रिचर्डचा पूल झाला. त्याला टोल होता.

13 ऑगस्ट 1856. शेवटच्या उताराला 67 दिवस बाकी. फ्लॉरेन्स, नेब्रास्का. हातगाड्या ओढत सॉल्ट लेकला निघालेल्या मॉर्मनांच्या विली तुकडीची सभा. तुकडीतला लेव्हाय सॅव्हेज सांगतो, उशीर झालाय, हिवाळा इथेच काढा. म्हातारी माणसे आणि मुले वाटेत मरतील. बहुमत निघण्याच्या बाजूने. सॅव्हेजही सोबत जातो.

मागची मार्टिन तुकडी 22 ऑगस्टला तिथे पोचते आणि तीही थांबत नाही. 576 माणसे, 146 हातगाड्या. गाड्या घाईत, ओल्या लाकडाच्या केलेल्या. माळरानाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, चाके खिळखिळी होतात.

7 सप्टेंबर. 42 दिवस. मॉर्मन चर्चचे अधिकारी फ्रँकलिन रिचर्ड्स हलक्या घोडागाड्यांतून मार्टिन तुकडीला गाठतात आणि पुढे निघून जातात.

4 ऑक्टोबर. 15 दिवस. रिचर्ड्स सॉल्ट लेकला पोचतात. एवढी माणसे अजून वाटेत आहेत, हे तिथे ब्रिगहॅम यंगना आज कळते. मदतीच्या पहिल्या गाड्या 7 तारखेला निघतात.

8 ऑक्टोबर. 11 दिवस. फोर्ट लॅरमी. तुकडीला इथे शिधा मिळण्याची आशा होती. तो आलेला नाही. किल्ल्यावर बिस्किटे पौंडाला साडेपंधरा सेंट, तांदूळ सतरा. लोक घड्याळे आणि दागिने उतरवून देतात. रोजचे पीठ एक पौंडावरून पाऊण पौंडावर येते, मग अर्ध्यावर.

17 ऑक्टोबर. 2 दिवस. डिअर क्रीक. अर्धपोटी माणसांना गाड्या ओढवत नाहीत. हुकूम निघतो: मोठ्या माणसाला 10 पौंड सामान, आठ वर्षांखालच्या मुलाला 5. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळेच आले. उरलेली पांघरुणे आणि कपडे पेटवून दिले जातात. त्या दिवसापुरता हिशेब बरोबर होता. ओझे खरेच हलके झाले.

19 ऑक्टोबर, रविवार. नॉर्थ प्लॅटचा शेवटचा उतार. जॉन रिचर्डच्या पुलावरून न जाता तुकडी पाण्यात उतरते. पात्र रुंद, ओढ जोराची, तळाशी गोटे. खोल जागी पाणी बैलगाडीच्या साट्याला टेकते. काही पुरुष बायकांना पाठीवर घेतात. बाकीच्या बायका घागरे वर खोचून चालत जातात.

तुकडी पार होते न होते तोच उत्तरेचा वारा सुटतो. गारा, मग बर्फ. पैलतीरावरच तळ पडतो. पांघरुणे जाळल्याला दोन दिवस झालेत.

25 ऑक्टोबरच्या सुमारास, रात्री 9. एलिझाबेथ जॅक्सन आजारी नवऱ्याशेजारी आडवी होते. मध्यरात्रीच्या सुमारास थंडीने जाग येते. ती कानोसा घेते. श्वास ऐकू येत नाही. हात लावून पाहते. हाका मारते, पण मदतीला येण्याइतके त्राण कुणात नाही. उजाडेपर्यंत ती तिथेच बसते. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणता येत नाही. प्रेतांवर बर्फच लोटतात.

28 ऑक्टोबर. मदतीचे तीन घोडेस्वार तुकडीच्या रेड बट्स इथल्या तळावर पोचतात. नदी ओलांडल्यापासून 56 जण गेलेत. स्वारांजवळ मुख्यतः बातमी आहे. शिधा मागच्या गाड्यांत.

30 नोव्हेंबर. मार्टिन तुकडी सॉल्ट लेकला पोचते. 576 पैकी 135 ते 150 जण वाटेत मेले. सॅव्हेजने बोट ठेवले होते ते हिवाळ्यावर, आणि विली तुकडीच्या त्या सभेत बहुमत त्याच्या विरोधात गेले. बहुमताने हिवाळा टळला नाही.