वलगणीची रात्र, 1945

साल 1945, महिना जून, गाव तलासरी. कागदोपत्री तुम्ही ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात आहात. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून 15 वर्षं आहेत आणि पालघर जिल्हा व्हायला 69. पण कागद वाचायला इथं कुणाला वेळ नाही. मृग लागलाय, दोन दिवस धार धरून पाऊस पडतोय, आणि पाड्यावरची माणसं कान देऊन वरोळी नदीला मिळणाऱ्या ओढ्याचा आवाज ऐकताहेत.

तुम्ही एका कुडाच्या घराच्या ओसरीवर उभे आहात. भिंतीचं शेण ओलाव्यानं फुगलंय. आत चुलीवर पेज आहे, पण पातळ. कणगी तळाला लागलेली. पावसाळ्याचे पहिले महिने म्हणजे इथं उपाशी महिने. जमीनदाराकडून खावटी आणायची आणि सुगीला दीडपट, दुपटीनं फेडायची, ही रीत बापाकडून मुलाकडं आलेली. म्हणून ओढ्याचा आवाज महत्त्वाचा.

शेजारचा म्हातारा इरल्याखालून डोकं काढून पाणी बघतो. "गढूळ झालां. आज चढतील." एवढंच बोलतो आणि कंबरेच्या आकडीत कोयता अडकवतो.

चढतील ते मासे. उन्हाळाभर नदीच्या डोहात तग धरून राहिलेला मासा पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघत असतो. थंड, गढूळ, नव्या मातीच्या वासाचं पाणी अंगावर आलं की अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि त्यांच्यामागून नर प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाळीत, नाळीतून थेट भातखाचरात. उथळ, कोमट, गवताळ पाण्यात मोठे शिकारी मासे कमी आणि पिलांना खाणं भरपूर, म्हणून अंडी घालायची ती तिथंच. ही वलगण. ती थोडेच दिवस चालते. एकदा चुकली की वर्ष गेलं.

चला, इरलं घ्या. पाय अनवाणीच बरे, चिखलात वहाण टिकत नाही. ओढ्याच्या अरुंद जागी माणसांनी दिवसाच दगड रचून बांध घातलाय, दोन्ही काठांकडून मध्याकडं निमुळता होत गेलेला. मध्ये सोडलेल्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा, तोंड नदीकडं. तोंडाशी आतल्या बाजूला वळवलेल्या टोकदार कामट्या आहेत. मासा त्या सारून आत शिरतो, परत फिरला की टोकं त्याला अडवतात. साधी युक्ती आहे, पण कामटी किती जाड ठेवायची आणि दोन कामट्यांत किती अंतर सोडायचं, हे हाताला ठाऊक असावं लागतं. अंतर थोडं जास्त ठेवलं तर बोटाएवढी पिलं निसटतात, आणि म्हातारा ते मुद्दाम ठेवतो.

अंधार पडतो. पाऊस जरा थांबला की काठावर टेंभे पेटतात. आता खाचराकडं बघा. बांधावरून पाणी सांडतंय आणि त्या धारेत काहीतरी चमकतंय. खवली! तळहाताएवढ्या, चंदेरी, धारेवर उड्या मारणाऱ्या. त्यांच्यामागून मरळ, जाड, काळसर, चिखलातून अंग घासत सरकणारी. ही हवेतही श्वास घेते, म्हणून पाणी संपलं तरी ती संपत नाही. वाम सापासारखी वळवळत गवतातून जाते. पोरं टोपल्या घेऊन धावतात, बाया लुगड्याचे ओचे खोचून खाचरात उतरतात. एक जण पागाची दोरी मनगटाला गुंडाळतो, जाळ्याची कड दातांत धरतो, कंबरेतून अर्धा वळतो आणि सोडतो. पाग हवेत गोल उघडतो आणि कडेच्या वजनांसकट पाण्यावर आदळतो.

तुम्हीही हात घाला. बांधाच्या कपारीत गुळगुळीत काही लागतं, तुम्ही घट्ट धरता आणि किंचाळता. शिंगटी! तिच्या पंखाचा काटा तळव्यात गेलाय. सगळा ओढा तुमच्यावर हसतो. म्हातारा डोक्यामागून, काटे बोटांच्या बेचक्यात येतील असं तिला कसं धरायचं ते दाखवतो. पुढची शिंगटी तुमच्या टोपलीत पडते.

याच काळात गोरा साहेब निलगिरीच्या आणि काश्मीरच्या थंड नद्यांत परदेशातून आणून सोडलेला ट्राउट गळाला लावतोय. त्याच्यासाठी तो खेळ आहे. तलासरीचं ऊन पाणी त्या माशाला एक दिवस मानवणार नाही, आणि इथल्या माणसाला मासा खेळायला परवडणार नाही.

आता या गर्दीकडं नीट बघा. एवढे तरणे पुरुष आज ओढ्यावर कसे? मासा चढतो तो पहिल्या पावसाला, आणि जमीनदाराचा नांगर जुंपला जातो तोही पहिल्या पावसाला. आधी त्याचं शेत नांगरायचं, स्वतःच्या बैलांनी, फुकट, मग आपलं. ही वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलेला लग्नगडी तर नवरा-बायको मिळून मालकाच्या दारात बांधलेला. काही वर्षांपूर्वी मुंबई सरकारनं सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासींची स्थिती तपासायला नेमलं, त्याच्याही अहवालात ही वेठ आली. अहवाल झाला, वेठ राहिली. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, त्याची वलगणही दुसऱ्याच्या मालकीची.

गेल्या महिन्यात, 23 मे रोजी, इथून जवळच झरी गावात हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचा लाल बावटा घेऊन आले होते. वेठ करायची नाही, असं तिथं ठरलं. पाड्यापाड्यांवर लग्नगडी मोकळे होऊ लागले. ओढ्यात तुमच्या शेजारी खदखदून हसणारा तो गडी कदाचित पहिल्यांदाच स्वतःच्या पावसात उभा आहे.

हे सुख स्वस्तात पडणार नाही. येत्या ऑक्टोबरच्या 10 तारखेला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलीस गोळीबार करतील. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे जातील. तुम्हाला हे माहीत आहे, ओढ्यावरच्या कुणालाच नाही. सांगू नका, आज त्यांची रात्र आहे.

पहाटे घरी परतलात की मासे निवडले जातात. थोडे मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर, थोडे अंबाडीच्या आंबट रश्शात. उरलेले चुलीवरच्या ताटीवर धुराला, कारण श्रावणातही खायचंय.

याच तालुक्यातल्या धामणगावात 1934 साली जन्मलेला जिव्या नावाचा एक पोर या पावसाळ्यात 11 वर्षांच्या आसपास आहे. पुढं डहाणूच्या गंजाडजवळ कळंबीपाड्यावर राहून हेच वारली चित्रकार जिव्या सोमा मशे शेणा-गेरूच्या पृष्ठावर तांदळाच्या पांढऱ्या रेघांनी मासेमारीची जाळी काढतील. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळेल. ती जाळी कलादालनात बघाल तेव्हा आठवा की रेघ काढणाऱ्यानं पाग उघडताना पाहिलेला असतो.

आजच्या काळात परत या. याच भागातल्या सूर्या नदीवर आता धामणी आणि कवडास ही धरणं आहेत, दापचरीजवळ कुर्झे धरण आहे. सूर्येचं पाणी वसई-विरारच्या नळांना जातं. धरणाची भिंत मासा चढू शकत नाही, म्हणून वलगण उरली ती भिंतीखालच्या ओढ्यांत आणि खाचरांत. तिच्यावर आता नवी माणसं येतात. कुणी ब्लीचिंग पावडर टाकतो, कुणी बॅटरीचा करंट सोडतो, कुणी स्फोटकाचा तोटा फोडतो. कोयता-टोपली जेवढं हाताला येईल तेवढंच नेत होती. विष अंड्यांसकट डोह रिकामा करतं. पाण्यात स्फोटकं आणि विष वापरायला 1897 च्या मत्स्यकायद्यानंच बंदी घातली, म्हणजे हा गुन्हा झरीच्या सभेहूनही जुना आहे.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये तलासरीकडं गेलात तर एवढं करा. पहिल्या पुराचे पहिले दोन-तीन दिवस अंड्यांनी भरलेला मासा वर जाऊ द्या. पाणी उतरताना तो परत नदीकडं येतो. सापळ्याचं तोंड फिरवून तेव्हा धरा. करंट किंवा पावडर दिसली तर ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना कळवा, आणि तसा मासा विकत घेऊ नका.