थांबायची ऐपत

आधीच सांगून टाकते, वाईनमधलं मला फारसं काही कळत नाही. आमच्या घरी कुणी घेत नाही. अण्णाकाकांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि आषाढीला पायी पंढरपूर. त्यामुळे 'स्पेनमध्ये वाईनरी बघून आले' हे वाचून निफाडकडच्या मंडळींच्या भुवया कुठे जातील ते मला इथून दिसतंय. पण याच अण्णाकाकांनी एके काळी दीड एकरात वाईनची द्राक्षं लावली होती, हेही त्याच मंडळींना आठवत असेल. ती बाग पुढे उपटावी लागली. ते डोक्यात होतं, म्हणूनच खरं तर मला ही वाईनरी बघायची होती.

२०२३च्या ऑक्टोबरात नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही बिल्बाओला होतो. तिथून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर आरो नावाचं छोटं गाव आहे. (स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' लिहायचा, पण म्हणायचा नाही.) रिओखा हा स्पेनचा सगळ्यात नावाजलेला वाईनचा प्रदेश, आणि आरो ही त्याची जुनी पेठ. गंमत म्हणजे इथल्या नामांकित वाईनरी कुठल्या टेकडीवर किंवा किल्ल्यात नाहीत, त्या रेल्वे स्टेशनाला चिकटून आहेत. त्या भागाचं नावच 'बारियो दे ला एस्तासिओन'. आपल्या भाषेत स्टेशनपेठ!

वाईनरी स्टेशनाजवळ का, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात सगळा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रिओखातली वाईन आसपासच्या गावांतच खपायची. मग १८५०च्या दशकात युरोपातल्या द्राक्षांवर भुरी आली. हो, तीच आपली भुरी, जिच्यासाठी गंधक मारतात. ती अमेरिकेतूनच आली होती. तिच्यातून फ्रान्स सावरतोय तोवर १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये वेली उभ्या उभ्या वाळायला लागल्या. कारण कुणाला कळेना. वाळलेली वेल उपटून बघावी तर मुळावर काही नाही. १८६८मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलीऐवजी शेजारची अजून हिरवी असलेली वेल खणून काढली, तेव्हा मुळांना चिकटलेले बारीक पिवळे किडे दिसले. माव्याच्या जातकुळीतला हा किडा म्हणजे फायलोक्सेरा. वेल मरायला लागली की तो पुढच्या वेलीकडे सरकायचा, म्हणून मेलेल्या वेलीखाली कधी सापडायचा नाही. हाही अमेरिकेतूनच आलेला, तिकडून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर.

पुढच्या वीसेक वर्षांत फ्रान्समधल्या बागांची धूळधाण झाली. पण पिणारे काही कमी झाले नव्हते. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना कुठून तरी वाईन आणणं भाग होतं. डोंगरापलीकडे रिओखा होतं, आणि १८६३पासून तुदेला ते बिल्बाओ ही रेल्वे आरोवरून जात होती. फ्रेंच व्यापारी आले, त्यांनी स्टेशनाशेजारी वखारी काढल्या आणि पिंपंच्या पिंपं गाडीत चढवायला सुरुवात केली. त्यांनी येताना २२५ लिटरची ओकची पिंपं आणि त्यांत वाईन मुरवायची पद्धतही आणली. १८८२मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये व्यापारी करार झाला आणि गावात पैसा खेळू लागला. १८९०मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे आले. स्पेनमध्ये ते सगळ्यात आधी जिथे आले, त्या मोजक्या गावांपैकी हे एक. 'दिवे दिसले, म्हणजे आरो आलं' असं तिकडे अजून म्हणतात.

हे ऐकताना मला मुंबईच आठवत होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि मुंबईत शेअरवाल्यांची दिवाळी निघायची तशी निघाली. दुसऱ्याच्या संकटावर आलेली बरकत त्या संकटाइतकीच टिकते.

आरोचंही तेच झालं. अमेरिकन वेलींची मुळं या किड्याला दाद देत नाहीत, हे एव्हाना कळलं होतं. मग फ्रेंचांनी अमेरिकन खुंटावर आपल्या जातींची कलमं बांधली. ज्या देशातून रोग आला त्याच देशातून औषध! फ्रान्सच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या, १८९२मध्ये करार संपला, फ्रान्सने जकात वाढवली आणि आलेले व्यापारी आले तसे निघून गेले. एवढ्यावर भागलं नाही. १८९९मध्ये तोच किडा रिओखात पोचला. म्हणजे गिऱ्हाईक आधी गेलं, बाग नंतर. कितीतरी शेतकरी कुटुंबं जहाजात बसून दक्षिण अमेरिकेला गेली.

आम्ही बघितली ती वाईनरी, 'लोपेझ दे एरेदिया', या सगळ्यातून राहिली. १८७७मध्ये, ऐन तेजीत, राफाएल लोपेझ दे एरेदियाने ती सुरू केली. स्टेशनपेठेतली ही सगळ्यात जुनी. राफाएलचा जन्म चिलीतला, आणि योगायोग असा की चिली हा देश फायलोक्सेरापासून आजही सुटलेला आहे. फ्रेंच निघून गेले तेव्हा हा माणूस राहिला. एवढंच नाही, बागा मेलेल्या असताना त्याने १९१३-१४च्या सुमारास एब्रो नदीच्या वळणावर जमीन जमवून शंभरेक हेक्टरची स्वतःची बाग उभी केली. तिचं नाव विन्या तोंदोनिया. आज त्याची चौथी पिढी ही वाईनरी चालवते.

आता आतलं सांगते. दारात आधी दिसतो तो झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंनी बांधलेला चकचकीत मंडप. बाजूने बघितलं तर वाईनच्या सुरईसारखा दिसतो. त्याच्या पोटात आहे एक जुना लाकडी नक्षीदार स्टॉल. १९१०च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी राफाएलने तो करून घेतला होता. पुढे तो सुटा करून अडगळीत पडला होता, पणतवंडांना सापडला आणि त्यांनी त्याच्याभोवती हा मंडप बांधून घेतला. २००६मध्ये तो पुरा झाला. नवऱ्याने लगेच 'नव्या बाटलीत जुनी दारू' हा विनोद केलाच. मार्गदर्शक बाईंना तो इंग्रजीत समजावायला त्याला पाच मिनिटं लागली. असो.

मंडपाच्या मागे मात्र काळ बदलतो. पहिला थांबा पिंपं बनवायचा कारखाना. ही वाईनरी आपली पिंपं आपणच बनवते, अमेरिकेतून ओकचं लाकूड आणून. कारागीर फळ्या आगीवर शेकून वाकवत होता, आणि त्या खोलीत भाजलेल्या खोबऱ्यासारखा वास भरून राहिला होता. शेजारच्या दालनात माणसाच्या दुप्पट उंचीच्या लाकडी टाक्या, ज्यांत द्राक्षं आंबतात. हंगाम चालू होता, हवेत आंबूस गोड वाफ होती आणि चिलटंही होती.

मग तळघर. दगडात खोदलेले लांबच लांब बोगदे आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेली पिंपं. सगळी मिळून तेरा हजारांच्या आसपास आहेत. भिंतींवर काळी मऊ बुरशी, छताला जळमटं. जळमटं म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत निघतात तशी नव्हेत, अगदी झुंबरासारखी लोंबणारी! आईला दाखवली असती तर तिने तिथेच पदर खोचला असता. पण ती मुद्दाम ठेवलेली आहेत. बाटलीच्या बुचाला एक पतंग लागतो, आणि कोळी ते पतंग खातात. जुन्या बाटल्यांचा एक कोपरा आहे, त्याला 'दफनभूमी' म्हणतात. तिथे तर बाटली कुठली आणि जाळं कुठलं तेच कळत नाही.

वाईन पिंपात किती दिवस ठेवता, असं मी विचारलं. रिओखाच्या नियमाप्रमाणे 'रिझर्वा' लिहायचं तर एकूण तीन वर्षं मुरवायची, त्यातलं एक वर्ष पिंपात. इथे तोंदोनिया रिझर्वा पिंपातच सहा वर्षं असते. त्यानंतर बाटलीत आणखी काही वर्षं. मधल्या काळात वर्षातून दोनदा ती एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, गाळ खाली ठेवून. शेवटी निवळ करायला अंड्यातला पांढरा बलक घालायचा. सगळं हाताने.

चव घ्यायला तीन पेले आले. पहिला पांढऱ्या तोंदोनियाचा. पांढरी म्हणायची ती नावाला, रंग पातळ मधाचा. फळाची चव शोधायला गेले तर सापडेना. अक्रोड, वाळलेलं संत्र्याचं साल आणि घोटाच्या शेवटी किंचित खारट काहीतरी. दुसरी तांबडी बोस्कोनिया, चेरीसारखी, थोडी भारदस्त. तिसरी तांबडी तोंदोनिया, दहा-बारा वर्षं जुनी. ती आधी काही बोललीच नाही. मग पेल्यात दहा मिनिटं राहिल्यावर जुन्या कपाटाचा, तंबाखूच्या पानाचा आणि कुठेतरी आत मनुकांचा वास यायला लागला. पहिल्या घोटाला मला ती आंबट वाटली होती. शेवटचा घोट मी मुद्दाम ठेवून ठेवून घेतला. नवऱ्याने दोन्ही पेले केव्हाच संपवले होते, आणि त्याचा डोळा माझ्या पेल्यावर होता.

तो शेवटचा घोट घेताना माझ्या डोळ्यांपुढे अण्णाकाकांचं शिवार होतं.

२००१मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि नाशिककडे वाईनची हवा सुरू झाली. काकांनी २००५मध्ये एका कंपनीशी करार करून दीड एकर शिराज लावली. त्यासाठी आधी डॉगरीजचे खुंट लावले, मग त्यांवर कलम भरलं. डॉगरीज मूळचं टेक्सासचं. आपल्याकडे ते किड्यासाठी नाही, खारवट जमिनीसाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी आलं. पण आरोच्या बागेचं मूळ आणि काकांच्या बागेचं मूळ दोन्ही अमेरिकेचीच, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं. पहिला माल हातात यायला दोन वर्षं गेली. दोन हंगाम बरे गेले. मग २००८-०९ची मंदी आली. कंपनीच्या टाक्या भरलेल्या, जुने पैसे थकलेले. शिराज बाजारात विकता येत नाही. बारीक मणी, जाड साल, आत बिया, कोण खाणार? एक हंगाम द्राक्षं वेलीवरच सुकली. २०१०मध्ये काकांनी जेसीबी बोलावला आणि त्या जागी टोमॅटो लावले. त्या दिवशी ते जेवले नव्हते, एवढं मला काकूंनी सांगितलं होतं.

तिथल्या माहितीत 'परंपरा', 'चिकाटी', 'निष्ठा' असे शब्द सारखे येतात. ते खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. राफाएलची चिकाटी दांडगी होतीच. पण जे जहाजात बसून गेले, ते काय कमी चिकाटीचे होते? त्यांच्याकडे थांबायला पुरेल एवढं काही नव्हतं. दीडशे वर्षांच्या वाईनरीचा इतिहास आपण वाचतो, तेव्हा ज्याला थांबता आलं त्याचाच वाचत असतो. बाकीच्यांची दफनभूमीही नाही.

बाटली घरी न्यायची म्हणजे पंचाईत. म्हणून मी त्या तिसऱ्या बाटलीचं बूच मागून घेतलं. जानेवारीत निफाडला गेले तेव्हा काकांना दाखवलं. त्यांनी आधी माळेकडे बघितलं, मग स्वतःशीच हसले आणि बूच नाकाशी नेलं.

"बळदाचा वास येतोय गं," ते म्हणाले.

मी त्यांना सहा वर्षांचं सांगितलं. ते बराच वेळ बूच हातात फिरवत राहिले.

"सहा वर्षं पिंपात. तोवर घर कशावर चालायचं त्यांचं?"

मी म्हटलं, "काका, पहिली सहा वर्षं काढली की मग दर वर्षी एका वर्षाचा माल विकायला निघतो, तसाच नवा पिंपात जातो. पुढे अडत नाही."

"हां," काका म्हणाले. "पहिली सहाच काढायची असतात."

मग त्यांनी एका बाटलीला किती द्राक्षं लागतात ते विचारलं. सव्वा किलोच्या आसपास, मी म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला, पण मला सांगितला नाही. बूच मात्र परत दिलं नाही. देवघराशेजारच्या कोनाड्यात, कात्री आणि कलम बांधायच्या पट्टीच्या गुंडाळीजवळ, त्यांनी ते ठेवून दिलं.