स्मारक आणि नोंदवही : लॉग फाइलचा इतिहास

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहाऱ्याजवळ, कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये शहरालगतच्या त्रिपुरीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली गेली. अधिवेशनाचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. जानेवारीत पट्टाभि सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून ते निवडून आले होते, आणि एप्रिल सरण्यापूर्वी त्यांनी राजीनामाही दिला होता. कमानीखालून जाणाऱ्याला या चढउतारांचा मागमूस लागत नाही. स्मारकाचा स्वभावच तसा असतो. काय लक्षात ठेवायचे हे ठरल्यानंतरच दगड रचले जातात.

नोंदवहीचा स्वभाव याच्या उलट आहे. पुढे काय महत्त्वाचे ठरेल हे कोणालाच ठाऊक नसताना ती लिहिली जाते. ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला बांधून तो समुद्रात सोडायचा, ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे आणि आलेला वेग वहीत टिपायचा, ही खलाशांची रीत होती. ओंडक्याचे नाव वहीला मिळाले आणि वहीचे नाव संगणकातील फायलीला.

अशा निरपेक्ष नोंदीचे मोल दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने नित्यनेमाने हाताने टिपली जात. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी प्रचंड सौरवादळ पृथ्वीवर आदळले. जगभर तारायंत्रे विस्कळीत झाली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र आपले काम चालूच ठेवले. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यांच्या आकड्यांत उमटले. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली. आदल्या दिवसांची शांत, कंटाळवाणी मापने वहीत नसती तर ही घसरण कशापासून मोजायची, हाच प्रश्न पडला असता.

दूरसंचाराच्या अभियंत्यांनाही हे सूत्र परिचित आहे. जबलपुरातच १९४२ पासून दूरसंचार प्रशिक्षणाचे केंद्र आहे. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. तार जमिनीला टेकली असेल तर व्हीटस्टन ब्रिजने रोध मोजून दोष किती अंतरावर आहे ते काढता येते. पण त्यासाठी निर्दोष तारेचा रोध ठाऊक असावा लागतो. दुरुस्तीची तयारी अशी बिघाडाच्या आधीच झालेली असते.

संगणकांच्या जाळ्याची पहिली प्रसिद्ध नोंद २९ ऑक्टोबर १९६९ ची आहे. रात्री साडेदहाला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी संपर्क झाला, एवढाच मजकूर वहीत आहे. त्याआधीच्या प्रयत्नात ‘लॉगिन’ शब्दाची दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. ही हकिकत आपल्याला सांगणाऱ्यांच्या आठवणींतून कळते, वहीतून नव्हे. माणूस यश टिपतो आणि अपयश गाळतो. नोंदीचे काम यंत्राकडे सोपवण्याचे एक कारण इथे दिसते.

पुढे अर्पानेट विस्तारले. जाळ्यातले प्रत्येक यंत्र आपल्या शेजारच्या जोडण्यांना किती विलंब लागतो हे इतर सर्वांना कळवू लागले. त्या निरोपांवरून प्रत्येक जण संपूर्ण जाळ्याचा नकाशा स्वतःपाशी तयार करी. आजची नेटवर्क-शोधक सॉफ्टवेअरे जे करतात त्याचेच हे पूर्वरूप. जुना निरोप कोणता आणि नवा कोणता हे ओळखण्यासाठी त्यावर ० ते ६३ असा क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०. त्यामुळे ‘नंतरचा’ म्हणजे वर्तुळात पुढे असलेला, असा नियम होता.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे जाळे काही तास ठप्प झाले. अभियंत्यांनी निरनिराळ्या यंत्रांच्या स्मृतीतील मजकूर बाहेर काढून ताडून पाहिला. ५० क्रमांकाच्या यंत्राचे तीन निरोप सर्वत्र फिरत होते. त्यांचे क्रमांक होते ४४, ४० आणि ८. द्विमान पद्धतीत लिहिताच उलगडा झाला : १०११००, १०१०००, ००१०००. सदोष हार्डवेअरमुळे एकेक बिट गळून एका निरोपाचे तीन झाले होते. वर्तुळाच्या नियमानुसार ४४ हा ४० च्या नंतरचा, ४० हा ८ च्या नंतरचा, आणि ८ हा पुन्हा ४४ च्या नंतरचा! दगड-कागद-कात्रीच्या खेळाप्रमाणे प्रत्येक जण दुसऱ्याला हरवीत होता आणि प्रत्येक यंत्र ‘नवा’ निरोप पुढे धाडीत होते. अखेर ५० क्रमांकाच्या यंत्राचे निरोप दुर्लक्षित करण्याची सूचना सर्व यंत्रांना दिल्यावर जाळे सावरले. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये हा सारा तपास लिहून प्रसिद्ध केला. कोणतेही यंत्र ‘बंद’ पडलेले नव्हते. सर्व जण नियम पाळत होते. केवळ तर्काने हा दोष सापडणे कठीण होते. ते तीन आकडे डोळ्यांसमोर येणे आवश्यक होते.

याच दशकात आजची साधने आकाराला आली. एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ घडवले. त्यात प्रत्येक नोंदीला ० (आणीबाणी) ते ७ (तपासणीचा तपशील) अशी तीव्रता असते. माइक मूस यांनी १९८३ मध्ये ‘पिंग’ लिहिले, आणि १९८८ मध्ये उपकरणांची माहिती विचारणारा ‘एसएनएमपी’ आला. शोधक सॉफ्टवेअर प्रत्येक पत्त्यावर असे प्रश्न पाठवते आणि मिळालेले उत्तर, नकार वा मौन लॉगमध्ये लिहिते. यांत मौन सर्वांत फसवे. उपकरण बंद असले तरी मौन, मध्ये फायरवॉल असली तरी मौन. आणि एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द चुकला तरीही मौनच. म्हणून ‘वेळ संपली’ ही एकटी ओळ वाचून निष्कर्ष काढू नये. त्याच क्षणी पिंगला उत्तर आले होते काय, ते पाहावे. आले असेल तर उपकरण जिवंत आहे. दोष परवलीत, परवानगीत किंवा त्या सेवेत शोधावा. त्यानंतर शेवटची यशस्वी नोंद गाठावी आणि तेव्हापासून काय बदलले ते तपासावे.

मात्र दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असेल, तर कार्य आधी आणि कारण नंतर दिसू लागते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ‘सर्ट-इन’ने भारतातील संस्थांना लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले. त्याच निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या कालसेवेशी जुळवण्याची अटही आहे. या दोन अटी एकत्र का आल्या, ते आता ध्यानात यावे.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेतील जाळे सुरळीत चालू असताना एकदा त्याची लॉग फाइल उघडून शांतपणे वाचा. निरोगी दिवस कसा दिसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच बिघाडाच्या दिवशी वेगळी ओळ ओळखता येते.