चोर्ला घाटापलीकडचा खेळ

बेळगाव-निपाणीच्या माणसाला कामानिमित्त महाराष्ट्रात जावे लागते, तसेच गोव्यातही. या दोन शेजाऱ्यांच्या जुगारविषयक कायद्यांचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९७६ या एकाच वर्षी दोन अधिनियम झाले: महाराष्ट्राचा कॅसिनोंना परवाना देण्यासाठी, गोव्याचा सार्वजनिक जुगाराच्या प्रतिबंधासाठी. घडले मात्र उलटेच. महाराष्ट्राचा अधिनियम कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याच्या प्रतिबंधक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना मुभा मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांनाही.

घाट उतरून पणजीस कामाला गेलेल्या आमच्या माणसाची रिकामी संध्याकाळ या यंत्रांपुढे जाऊ लागली, ती अशी. पत्त्यांच्या अड्ड्यावर पोलिसांची धास्ती असे; येथे ती नाही, म्हणून तो स्वतःस जुगारी समजत नाही. प्रवासभत्ता मात्र तितक्याच वेगाने संपतो.

फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोंत प्रवेश बंद केला. बाहेरच्यांना दार उघडेच राहिले. जे यजमान स्वतःच्या मुलांच्या पानात वाढत नाही, ते पाहुण्याने का खावे, याचा विचार आम्हा सीमावासीयांनीच करावयाचा आहे.