तळ्याला घातलेलं पोटॅश

मी बोलतोय कुंभिवलीहून. आमच्या खालापूर भागात पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला लोक रात्री बत्ती घेऊन शेतात उतरतात. आता विचार करा, एखाद्या वर्षी कुणी येऊन सांगितलं, "हे मासे खायचे नाहीत. तुमच्या नातवंडांनीही नाही." आजची गोष्ट अशाच एका तळ्याची.

26 एप्रिल 1986. सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. त्याचा धसका मुंबईपर्यंत पोचला होता. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे का, हा वाद मुंबईतून थेट सुप्रीम कोर्टात गेला. 1988 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने लोणी खायला हरकत नाही म्हटलं आणि आपला प्रश्न मिटला. बेलारूसमध्ये तळ्याकाठी राहणाऱ्यांचा मात्र मिटला नाही.

तिथे पावसाबरोबर सीझियम-137 खाली आलं होतं. ते निम्मं व्हायलाच 30 वर्षं लागतात. माशाची पंचाईत अशी, की त्याच्या शरीराला पोटॅशियम लागतं आणि सीझियम दिसतं अगदी पोटॅशियमच्या भावासारखं. समुद्रात पोटॅशियम भरपूर, म्हणून तिथला मासा सीझियम कमी घेतो. गोड्या पाण्यात त्याची टंचाई. मग मासा मिळेल ते घेतो. काही तळ्यांतले मासे खाण्याजोगे व्हायला आणखी 50 ते 100 वर्षं लागतील, असा अंदाज निघाला.

मग शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. फेब्रुवारी 1998 मध्ये बेलारूसच्या स्व्यातोये तळ्यात त्यांनी 15 टन पोटॅशियम क्लोराइड टाकलं. म्हणजे काय? आपण भाताला घालतो तेच पोटॅश! 50 किलोच्या 300 गोण्या. खरं पोटॅशियम मिळाल्यावर माशांनी नकली घेणं कमी केलं. अनेक जातींच्या माशांतलं सीझियम आधीच्या सुमारे 40 टक्क्यांवर आलं. शेजारच्या ज्या चार तळ्यांत काही घातलं नव्हतं, तिथे अशी घट दिसली नाही.

पण ही जादू नव्हे. पोटॅशियमने तळाच्या गाळातलं सीझियम सुटं केलं, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण उलट वाढलं. विष तळ्यातच राहिलं, फक्त माशात कमी गेलं. शिवाय नदीत हा उपाय चालायचा नाही. वाहतं पाणी पोटॅश घेऊन जाईल.

घरगुती उपायही आहे. मासा उकळून ते पाणी फेकून दिलं, तर बरंच सीझियम निघून जातं. पण मंडळी, रस्साच फेकायचा तर भात कशाशी खायचा?

म्हणून मला वाटतं, या 300 गोण्यांचा खरा धडा हा: पाणी एकदा नासलं की सगळ्यात चांगला उपायसुद्धा अर्धाच असतो. पुढच्या वलगणीला हे आठवा. भेटू पुढच्या भागात!