थोर मोगल आणि व्हेनिसची बांसरी

तेलगांवाहून वेरूळच्या यात्रेस निघालेला मनुष्य खुलताबादेस थांबला, तर त्यास उघड्या आभाळाखालीं औरंगजेबाची साधी कबर दिसते. परंतु ह्याच मोगल पदवीचें नांव दूर व्हेनिस नगरींत एका बांसरीच्या रचनेस दिलें गेलें होतें, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

अंतोनिओ विव्हाल्दी (१६७८–१७४१) हा व्हेनिसचा धर्मोपदेशक. इ. स. १७०३ पासून तो तेथील अनाथ मुलींच्या आश्रमांत व्हायोलिन शिकवी. त्यानें 'कंचेर्तो' ह्या प्रकारास घाट दिला. ह्यांत सर्व तंतुवाद्यें मिळून एक बंध वाजवितात. मग एकटें वाद्य विस्तार करतें, आणि आपल्या ख्यालांतील मुखड्याप्रमाणें तो बंध पुनःपुन्हां परत येतो. द्रुत, विलंबित, द्रुत असे त्याचे बहुधा तीन भाग. बांसरीसाठीं त्यानें फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि 'इल ग्रान मोगोल', म्हणजे थोर मोगल, अशा नांवांचे चार कंचेर्तो रचले. शेवटल्यांत हिंदुस्थानी राग शोधूं जाणें मात्र व्यर्थ होय. युरोपास मोगल म्हणजे अपार वैभवाचें एक चित्र होतें, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

आणि प्रत्यक्ष स्थिति काय होती? औरंगजेब १७०७ सालीं वारला. १७१९ मध्यें मराठ्यांस दक्षिणच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. १७२४ पासून निजाम दख्खनांत जवळजवळ स्वतंत्र झाला. १७२८ त पालखेड येथें बाजीरावानें त्यास कोंडलें, आणि १७३७ त तो दिल्लीच्या वेशीशीं जाऊन थडकला. सत्ता ओसरली, तरी नांवाचा डौल परदेशीं टिकून होता.

पुढें ती रचनाहि हरवली. विव्हाल्दी व्हिएन्नांत दारिद्र्यांत वारला व जग त्यास विसरलें. १७५९ च्या एका डच विक्री-यादींत कृतीचें नांव तेवढें उरलें. २०१० सालीं अँड्र्यू वूली ह्या अभ्यासकास एडिंबरो येथील सरकारी दफ्तरखान्यांत, लोथियन घराण्याच्या कागदपत्रांत, तिची प्रत सांपडली. कलोडनच्या लढाईंत (१७४६) पडलेल्या रॉबर्ट कर ह्या बांसरी वाजविणाऱ्या तरुण उमरावाची ती असावी, असा तर्क आहे. दुसऱ्या व्हायोलिनचें पान मात्र गहाळ होतें. तें ट्युरिनच्या ग्रंथालयांतील एका सदृश कृतीच्या आधारें भरून काढलें, आणि २०११ त स्कॉटलंडांत बांसरी पुन्हां बोलली.

कोणीं एकानें तें दफ्तर जपलें, दुसऱ्यानें तें उलगडलें, म्हणून हें घडलें. आपल्याकडे राजवाड्यांनीं दारोदार हिंडून मोडी कागद मिळविले. तीच आशा धरून मी तेलगांवांतील एका परिचिताच्या घरीं जुना रुमाल पाहावयास गेलों होतों. यजमानांनीं आदरानें चहा दिला आणि सांगितलें, ''मागल्या पावसाळ्यांत सारे भिजले. वाचतां कोणास येतें? टाकून दिले.'' त्या घराण्याच्या कागदांची नक्कल दुसऱ्या कोणत्याहि ग्रंथालयांत नाहीं.