स्पिंडल की राऊटर?

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. सागवानी दारं-खिडक्या करतो, छोटासा कारखाना आहे. म्हणाला, "बाई, कर्ज काढून स्पिंडल मशीन घेऊ, की हातातला राऊटर टेबलाखाली उलटा बसवून भागवू?" आता मी जन्मभर इतिहास शिकवला, रंध्याला कधी हात लावला नाही. पण विचारलं तर शोधायला काय हरकत?

काम दोघांचं एकच. टेबलातून वर आलेलं पातं फिरतं, लाकूड त्याला लावून सरकवायचं, की कडेला नक्षी उठते. घराणी मात्र वेगळी.

स्पिंडलचं, म्हणजे शेपरचं मूळ सॅम्युअल बेंथमपर्यंत जातं. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा हा धाकटा भाऊ. त्याच्या १७९३ च्या पेटंटात लाकूड कापणारी फिरती पाती आहेत. ती कुणासाठी? तर जेरेमीच्या नियोजित तुरुंगातल्या, सुतारकीचा गंध नसलेल्या कैद्यांसाठी! कसब माणसाच्या हातातून काढून यंत्रात भरायचं. पुढे सॅम्युअलच्याच पाठिंब्याने पोर्ट्समथच्या गोदीत ब्रुनेलची यंत्रं बसली. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० जहाजी कप्प्या तयार होऊ लागल्या आणि ११० माणसांचं काम १० जण करू लागले. उरलेल्या शंभरांचं काय झालं, हे मी शिकवलेल्या पुस्तकांत कधी आलं नाही. असो. १८५३ साली ओहायोतल्या अँड्र्यू गिअरने नक्षी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजचा शेपर त्याच वंशातला.

विजेचा हातराऊटर पहिल्या महायुद्धाच्या काळातला. अमेरिकेत आर. एल. कार्टर या साचे करणाऱ्या कारागिराने, न्हाव्याच्या विजेच्या यंत्राचे भाग वापरून तो जुळवला असं सांगतात. १९२९ साली स्टॅनले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. हे कसबी माणसाचं हत्यार, तेच लाकडाकडे न्यायचं. टेबलाखाली टांगलं की गरिबाचा शेपर होतो खरा, पण त्याची दांडी फार तर अर्ध्या इंचाची, फेरे मिनिटाला वीस हजारांवर आणि आवाज कान फाडणारा. दाराच्या पॅनलची रुंद कड तीन-चार खेपांत थोडी थोडी काढावी लागते. शेपरचा दांडा जाड, फेरे निम्म्याहून कमी, आणि दिवसभर राबतो. रोज दारं करणाऱ्याला तोच हवा, हे मलासुद्धा कळलं.

"मग अडलं कुठे रे?"

"यंत्रावर भाचा उभा राहणार, बाई. अठराचा आहे. अजून साधी पटाशी लावता येत नाही."

म्हणजे बेंथमचा कैदीच की! मी त्याला सांगितलं, ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी नियम झाले, त्यांत या स्पिंडलचं नाव वेगळं घालावं लागलं होतं. पात्यावर आडोसा हवा म्हणून. किती बोटं गेल्यावर सरकारला जाग आली असेल?

तो हसला. "बाई, परीक्षेत मी असं लांबण लावलं असतं तर तुम्ही निम्मे गुण कापले असते."

काल फोन आला. शेपर घेतला, सोबत लाकूड आपोआप पुढे सरकवणारा फीडरही. भाच्याला सध्या राऊटर दिलाय, शेपरला हात लावू देत नाही म्हणे.